पानओवा : जमिनीचे हिरवे पांघरूण

मुलांनो, पहिला जोरदार पाऊस पडला की शाळेच्या पटांगणातून वाहणारे पाणी नीट पाहा. ते गढूळ दिसते. तो रंग पाण्याचा नसतो, मातीचा असतो. उघड्या जमिनीवरचा सुपीक थर पाण्याबरोबर वाहून जातो. असा एक इंच थर तयार व्हायला निसर्गाला शेकडो वर्षे लागतात, आणि आपण तो गटारात जाताना पाहत उभे राहतो. उन्हाळ्यात हीच उघडी जमीन तापते आणि तिची ओल उडून जाते. म्हणून जमीन झाकलेली असावी.

पण ती झाकायची कशाने? पुष्कळ लोक हिरवळ लावतात. हिरवळ दिसते छान. पण तिला सतत पाणी द्यावे लागते, वारंवार कापावे लागते, आणि तिच्यावर कुणाचे पोट भरत नाही. त्यापेक्षा मला पानओवा बरा वाटतो.

पानओवा तुम्ही कुंडीत पाहिला असेल. त्याची पाने जाड, लवदार आणि कडेला दातेरी असतात. पान चुरगळले की ओव्याचा वास येतो. वर्गात हे पान दाखवले की कुणीतरी विचारतेच, “सर, बाजारातली अजवाइन याच झाडाची ना?” नाही! अजवाइन म्हणजे ओव्याचे दाणे. ते कोथिंबीर आणि जिऱ्याच्या कुळातील वेगळ्या रोपाला लागतात. पानओवा हा तुळस, पुदिना आणि सब्जा यांचा नातेवाईक आहे. सब्जा म्हणजे उर्दूतील रैहान. पानओवा आणि ओवा या दोघांत थायमॉल नावाचे द्रव्य असते, म्हणून वास सारखा येतो.

या झाडाच्या नावांची गंमतच आहे. इंग्रजीत त्याला क्युबन ओरेगानो म्हणतात, पण ते मूळचे क्युबाचे नाही. शास्त्रीय नावातील ‘अंबोइनिकस’ हा शब्द इंडोनेशियातील अंबोन बेटावरून आला आहे.

लागवड अगदी सोपी आहे. बियांची गरज नाही. बोटभर लांबीची निरोगी फांदी तोडा, खालची पाने काढा आणि ती ओलसर मातीत खोचा. दोन-तीन आठवड्यांत तिला मुळे फुटतात. दोन फांद्यांत सुमारे 30 सेंटीमीटर अंतर ठेवा. म्हणजे 3 मीटर लांब आणि 1 मीटर रुंद वाफ्याला 30 फांद्या पुरतात. शेजाऱ्यांच्या दोन-तीन भरलेल्या कुंड्यांतून एवढ्या सहज मिळतील. फांद्या आडव्या पसरतात आणि जमिनीला टेकल्या की तेथेही मुळे धरतात. मग पावसाचे थेंब मातीवर न आदळता पानांवर पडतात. दाट सावलीमुळे तणही कमी उगवते. मोठ्या उताराला मात्र बांधच हवा. तेथे एकटा पानओवा पुरणार नाही.

त्याला सकाळचे ऊन आणि दुपारची सावली मानवते. जाड पानांत पाणी साठलेले असते, म्हणून रोज पाणी घालू नका. पाणी तुंबले तर मुळे कुजतात. पावसाळ्यापूर्वी वाफा थोडा उंच करून घ्यावा. शेंडे अधूनमधून खुडले की रोप उंच न वाढता दाट होते. फांद्या ठिसूळ असतात, त्यामुळे वाफ्यावरून चालू नका. काहींच्या पानांना पांढरी किनार असते. अशी रोपे वाटेच्या कडेला फार शोभतात. कधी तुऱ्यावर फिकट जांभळी, इवलीशी फुलेही येतात.

खुडलेली पाने फेकायची नाहीत. बेसनात मीठ, हळद, तिखट आणि थोडे पाणी घाला. धुतलेले पान त्यात बुडवून तेलात तळा. गरम भजी तयार! मात्र एक काळजी घ्या. शोभेची दुसरी काही झाडेही अशीच दिसतात. वासाने नीट ओळख पटल्याशिवाय आणि घरातील मोठ्यांना दाखवल्याशिवाय कोणतेही पान तोंडात घालू नका.

पटांगणाच्या कडेला, नळाच्या पलीकडे, उघडी जमीन कुठे आहे ते आज मधल्या सुट्टीत पाहून या. तिची लांबी-रुंदी मोजा. किती फांद्या लागतील, ते उद्या वर्गात सांगा.