सात्या चिकट का होतात?

प्रश्न : वारुळावरून आणलेल्या सात्या पिशवीत एका रात्रीत चिकट होतात. काय करावे? — एक वाचक, आदिलाबाद

उत्तर : दोष पिशवीचा आहे. सात्या म्हणजे अळंबीच, आणि अळंबी तोडल्यावरही श्वसन करत राहते आणि तिच्यात सुमारे ९० टक्के पाणी असते. बंद प्लास्टिकमध्ये त्या पाण्याची वाफ कोंडते, त्या ओलाव्यात जिवाणू झपाट्याने वाढतात. म्हणून माती कोरडीच झाडा, न धुता कागदी पिशवीत सैल भरून फ्रिजमध्ये ठेवा आणि एक-दोन दिवसांत संपवा. कागदात त्या सुकतात, हा आक्षेप खरा. पण थोडी सुकलेली सात्या रश्श्यात छान लागते, चिकट झालेली मात्र फेकावीच लागते. फ्रिज नसेल तर त्याच दिवशी शिजवा, कारण पावसाळी हवेत वाळवणालाही बुरशी धरते. आणि विषारी अळंबी उकळून वा वाळवून निर्विष होत नाही. जाणत्या माणसाकडून ओळख पटवल्याशिवाय एकही घरात ठेवू नका.