पुरळाआधीचे चार दिवस

नाशिक, फाल्गुन

चि. सौ. मंजिरी हिस,

तुझ्या चिनूच्या अंगावर पुरळ उठलंय आणि ‘कांजिण्याच आहेत, निघतील आणि निवतील’ असं म्हणून घर थांबलंय, हे मला तुझ्या नणंदेकडून कळलं. राग आला, आणि तो लपवत नाही. आपल्या घरात कुणालाही काही झालं तरी पहिला फोन आत्याला जातो. या वेळी तो आला नाही. आता मीच लिहिते आहे, आणि मोबाइलवर एवढं लांबलचक पाठवते आहे ते अशासाठी की सासूबाईंनाही हे शांतपणे वाचून दाखवता यावं. माझी खरी धास्ती चिनूपेक्षा तुझ्या सात महिन्यांच्या बाळाची आहे. ते कसं, तेच सांगते.

घरातले सगळे पुरळाकडे बघून नाव ठरवताहेत, पण पुरळाच्या आधी काय घडलं ते कुणी सांगत नाही. गोवर पुरळ दाखवण्यापूर्वी तीन-चार दिवस पोराला तापाने हैराण करतो. ताप चढत जातो, कोरडा खोकला, वाहतं नाक, लाल चिपडलेले डोळे, उजेड नकोसा होणं. गालाच्या आतल्या बाजूला दाढांसमोर रव्याच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसतात, पण ते एक-दोन दिवसच टिकतात. मग पुरळ कानामागून, केसांच्या कडेने सुरू होतं, चेहऱ्यावर येतं आणि खाली पायांपर्यंत उतरतं. चट्टे सपाट असतात, एकमेकांत मिसळतात, त्यात पाणी धरत नाही. जाताना तपकिरी डाग आणि कोंड्यासारखी साल सोडून जातात. आपल्या सावळ्या कातडीवर लाली नीट दिसत नाही, म्हणून हात फिरवून खरखर जाणवते का बघ. कांजिण्यांत हे आधीचे दिवस जवळजवळ नसतातच. कणकण आणि पुरळ एक-दोन दिवसांच्या अंतराने येतात, सुरुवात बहुधा छाती-पाठीवर किंवा चेहऱ्यावर होते, खाज फार सुटते. लाल पुळी, पाण्याने भरलेला फोड आणि खपली, तिन्ही एकाच वेळी शेजारी शेजारी सापडतात, कारण फोड लाटांनी येत राहतात. डोक्यात, केसांत बघ. तिथे फोड असतील तर कांजिण्यांचा संशय पक्का होतो. तुझी नणंद म्हणाली, चिनूला सोमवारपासून ताप आणि खोकला होता आणि पुरळ शुक्रवारी उठलं. हा क्रम कांजिण्यांचा नाही. म्हणून मी अस्वस्थ आहे.

तू म्हणशील, दोन्ही विषाणूंचे आजार, दोन्ही बहुतेक मुलांत आपोआप बरे होतात, मग नावाचा एवढा आग्रह कशाला? कारण पुढे कुणाला जपायचं ते नावावर ठरतं. कांजिण्या असतील तर आधी तुझ्या जाऊबाईंचा विचार हवा. त्यांना आठवा महिना आहे. लहानपणी कांजिण्या होऊन गेल्या का, हे त्यांच्या आईला आजच विचार. झाल्या असतील तर चिंता बरीच उतरेल, नसतील तर त्यांना डॉक्टरांकडे न्यायला हवं, कारण प्रसूतीच्या आसपास आईला कांजिण्या झाल्या तर नवजात बाळाच्या जिवावर बेतू शकतं. आणि गोवर असेल तर आपलं सात महिन्यांचं बाळ. आईकडून मिळालेलं संरक्षण या वयात ओसरत आलेलं असतं, आणि सरकारी वेळापत्रकातला गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर. मधली ही फट फार वाईट. गोवराचे विषाणू खोलीतल्या हवेत दोन तासांपर्यंत टिकतात, आणि पुरळ दिसण्याच्या चार दिवस आधीपासून मूल ते पसरवत असतं. म्हणजे बाळाला संसर्ग झालाही असेल. संसर्गानंतर सहा दिवसांच्या आत तयार प्रतिपिंडं टोचण्याचा उपाय डॉक्टरांकडे असतो. आज आणि परवा यात फरक आहे तो इथे. गर्भारपणी गोवरही वाईटच, तेव्हा जाऊबाईंना दोन्ही परिस्थितींत माहेरी किंवा निदान वेगळ्या खोलीत राहू दे.

तुमच्यासारखं मालेगावात राहून गोवर जुना झाला असं कुणी म्हणू नये. 2022 च्या नोव्हेंबरात मुंबईत गोवंडीच्या वस्त्यांतली मुलं दगावली, आणि त्याच साथीत भिवंडीबरोबर मालेगावचंही नाव रोज वर्तमानपत्रात होतं. तेव्हा साथीच्या भागांत पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना जादा डोस द्यावा, आणि नऊ महिन्यांखालच्या रुग्णांचं प्रमाण जास्त असेल तिथे सहा महिन्यांच्या बाळांनाही टोचावं, असं केंद्र सरकारने राज्यांना कळवलं होतं. लहानग्यांची ही फट सरकारलाही दिसली होती, ती आपल्या घराला दिसू नये? ‘चिनूला लस दिली आहे’ हे उत्तर मला पुरत नाही. नऊ महिन्यांनंतरचा एक डोस सुमारे 85 टक्के मुलांना संरक्षण देतो. उरलेल्यांसाठीच 16 ते 24 महिन्यांचा दुसरा डोस आहे, आणि चिनूचा तो तुमच्या बदलीच्या गडबडीत राहिला, हे तुलाही ठाऊक आहे आणि मलाही. कांजिण्यांची लस तर सरकारी वेळापत्रकात नाहीच.

सासूबाई म्हणतील, मातेच्या दुखण्यात औषध करायचं नसतं, कोप होतो. त्यांच्याशी वाद घालू नकोस. कडुलिंबाचा पाला उशाशी ठेवू दे, फोडणी नको तर नको, वेगळं निजण्याची रीत तर शहाणपणाचीच आहे. पण पोराला पातळ पेजेवर ठेवणं मान्य करू नकोस. गोवरात अंगातलं अ जीवनसत्त्व झपाट्याने कमी होतं, डोळे जाण्याची भीती असते, म्हणून डॉक्टर दोन दिवस लागोपाठ अ जीवनसत्त्वाचा मोठा डोस देतात. गोवराच्या विषाणूवर औषध नाही, मग डॉक्टर काय करणार, याचं उत्तर हे. शिवाय न्यूमोनिया झाला तर तोही ते ओळखतात. वर्षाच्या पुढच्या मुलाचा श्वास मिनिटाला 40 च्या वर, बाळाचा 50 च्या वर गेला, बरगड्यांखाली छाती आत ओढली जाऊ लागली, पोर सुस्त पडलं किंवा पाणीही घेईना, तर रात्र असो की दिवस, सरळ दवाखाना गाठ. तापाला पॅरासिटामॉल वजनानुसार. अ‍ॅस्पिरिन मुळीच नको, कांजिण्यांत तर मेंदू आणि यकृत धोक्यात येतात.

आमच्या पिढीच्या सुनांनी अशा वेळी मोठ्यांसमोर तोंड उघडलं नाही. ती खंत आमच्यात अनेकींना आहे. तू तशी नाहीस. मघाशी रागाने लिहिलं ते विसर. तापलेलं पोर आणि तान्हं बाळ मांडीवर घेऊन बसलेल्या आईला आणखी बोल लावायला मी कोण? तू काही खाल्लंस का, झोपलीस का, हेही मला कळव. चिनूला मात्र आजच सामान्य रुग्णालयात ने, बाळालाही बरोबर घे, आत शिरण्यापूर्वीच ‘ताप आणि पुरळ’ असं सांग म्हणजे ते तुम्हाला गर्दीत बसवणार नाहीत. गोवराची शंका आली तर ते रक्त तपासायला घेतील आणि आरोग्य खात्याला कळवतील. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, शेजारच्या बाळांचं त्यातच भलं आहे. निघालीस की फोन कर, आणि डॉक्टरांनी बाळाबद्दल काय सांगितलं ते आधी सांग.

तुझी आत्या