बाळंतीण वॉर्डातले कानमंत्र

पोरींनो, जबलपूरच्या एल्गिनमध्ये, म्हणजे राणी दुर्गावती रुग्णालयात, नाहीतर मेडिकल कॉलेजला ड्यूटी लागली, की मंडला-डिंडोरीपासूनच्या बाळंतिणी तुमच्या पुढ्यात येतील. 2016 पासून स्तनपानाच्या 'माँ' कार्यक्रमात जे शिकवतात ते वहीत असू द्या. ते खाटेपाशी कसं वापरायचं, ते माझ्याकडून ऐका.

आपले हात पाठीमागे ठेवा. बाळाचं डोकं धरून छातीशी दाबलंत, तर ते मान ताठ करून मागे ओढतं. बाहुली आणि कापडी स्तन घेऊन दाखवा. बाळ आईचं आईलाच लावू द्या. घरी मध्यरात्री तुम्ही नसणार.

आधी बघा, मग बोला. तोंड मोठं उघडलंय का, हनुवटी छातीला टेकलीय का, खालचा ओठ बाहेर वळलाय का, काळा भाग खालपेक्षा वर जास्त दिसतोय का? बोंडाला चीर पडत असेल, तर मलमाआधी पकड सुधारा. स्वच्छ करंगळी बाळाच्या ओठाच्या कोपऱ्यातून आत सरकवा, बाळ सोडवा, पुन्हा लावू द्या.

"नीट पितंय ना?" विचारलंत, तर ती घाबरून 'हो' म्हणेल. "कसं पितंय? रात्री किती वेळा घेतलंत?" असं विचारा.

"दूध उतरतच नाही," हे रोज ऐकाल. दुधाच्या डब्याकडे धावू नका. पहिल्या दिवशी बाळाच्या पोटात एका वेळी चमचाभरच मावतं. तेवढा चीक येतो. पाचव्या दिवसापासून बाळ दिवसाला सहा वेळा लघवी करत असेल, तर दूध पुरतंय.

मे महिन्यात सासू पाण्याचा चमचा पुढे करणारच. वाद घालू नका. आईच्या दुधात बहुतेक पाणीच असतं हे समजवा, आणि तांब्या सुनेच्या हाती द्यायला सांगा. सासूचा मान राहतो आणि बाळही वाचतं.

सिझेरियनवालीला विसरू नका. ती शुद्धीवर असेल, तर बाळ लगेच उघड्या छातीशी द्या.

यशस्वी स्तनपानाच्या दहा पायऱ्यांमधली दुसरी पायरी कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाची आहे. त्यात आयाबाई आणि सफाईवालीही धरा. रात्री दोनला बाळ रडलं, की पहिला सल्ला त्यांचाच. डॉक्टर एक आणि आया दुसरंच सांगू लागली, की वरचं दूध सुरू झालंच समजा.

डबेवाल्या कंपनीचं कॅलेंडर, पेन, काहीही घेऊ नका. बाळाच्या डब्याच्या दुधाबाबतच्या 1992 च्या कायद्यात अशा भेटींना मनाई आहे.

सुट्टीआधी एक पाजणं लांबून, न बोलता बघा. कुठे अडलं ते आशाताईला फोन करून कळवा. तिसऱ्या आणि सातव्या दिवशी ती घरी जाते, तेव्हा नेमकं काय बघायचं ते तिला ठाऊक हवं.