वाट पाहणं म्हणजे चिकाटी नव्हे

कॉलेजच्या एकांकिकांमधून बक्षिसं मिळवलेली भाची बी.कॉम. झाल्यावर बार्शीहून ठाण्याला आत्याकडे आली आहे. आत्या व्यावसायिक नाटकांत आणि मालिकांत चरित्र भूमिका करते. भाचीला अभिनयच करायचा आहे. त्यातली सुरुवातीची वर्षं कशी निभवायची, यावर दोघींमध्ये झालेलं हे बोलणं.

भाची : आत्या, आधी एवढंच सांग, स्ट्रगल किती वर्षं करावा लागतो?

आत्या : ते कुणालाच सांगता येत नाही. आणि छातीठोकपणे सांगणारा कुणी भेटला तर त्याच्यापासून लांब राहा. कुणाला पहिल्याच मालिकेत नायिकेचं काम मिळतं. आणि नवाजुद्दीन सिद्दीकीचं बघ, दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयातून तो १९९६ साली बाहेर पडला आणि ‘गँग्ज ऑफ वासेपूर’ आला २०१२ साली.

भाची : बाप रे, सोळा वर्षं वाट पाहिली त्याने!

आत्या : वाट पाहिली असं म्हणू नकोस. तो काम करत होता. १९९९ च्या ‘सरफरोश’मध्ये त्याला एक छोटासा प्रसंग होता. ‘मुन्नाभाई एमबीबीएस’मध्ये तो पाकीटमार झाला. प्रेक्षकांच्या ते लक्षातही राहिलं नाही. मग अनुराग कश्यपच्या ‘ब्लॅक फ्रायडे’मध्ये त्याला जरा मोठी भूमिका मिळाली आणि पुढे ‘वासेपूर’ही त्याच दिग्दर्शकाने केला. छोट्या कामात ज्याने त्याला जवळून पाहिलं होतं, त्यानेच मोठं काम दिलं. आपल्या धंद्यात बहुतेक वेळा असंच होतं. फोन येण्याची वाट बघत घरात बसणं ही चिकाटी नव्हे. दोन वाक्यांची भूमिकासुद्धा नीट बसवून करणं, ही चिकाटी.

भाची : पण पोटाचं काय? बाबा म्हणतात, आधी नोकरी धर, नाटकबिटक मग बघू.

आत्या : दादाची काळजी रास्त आहे, त्याच्याशी भांडू नकोस. नोकरी केली की कला मरते, ही समजूत मात्र डोक्यातून काढून टाक. निळूभाऊ फुले पुण्यात लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करायचे आणि राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात कामं करायचे. ‘कथा अकलेच्या कांद्याची’ या वगनाट्यानं नाव झालं आणि १९६८ साली ‘एक गाव बारा भानगडी’ हा पहिला सिनेमा मिळाला. तोवर त्यांची पस्तिशी उलटली होती. अशोक सराफांनी बरीच वर्षं बँकेत नोकरी करत नाटकं केली. लक्ष्मीकांत बेर्डे गिरगावात मुंबई मराठी साहित्य संघात नोकरीला होता आणि तिथल्याच नाटकांत बारीकसारीक भूमिका करायचा. १९८३ च्या ‘टूरटूर’नं तो सगळ्यांना माहीत झाला. यातल्या कुणीही उपाशी राहून अभिनय सुधारला नाही. महिन्याचा पगार येत होता म्हणून भूमिका निवडता आली आणि तालमीला डोकं शांत ठेवून उभं राहता आलं.

भाची : डॉक्टर श्रीराम लागूंनी तर चांगली चालणारी प्रॅक्टिस सोडली होती ना?

आत्या : सोडली, पण केव्हा ते लक्षात घे. लागू कान-नाक-घशाचे शल्यविशारद होते. पुण्यात पीडीए आणि मुंबईत ‘रंगायन’ या नाट्यसंस्थांमध्ये ते वर्षानुवर्षं नाटकं करत होते. मधली काही वर्षं आफ्रिकेत टांझानियाला डॉक्टरकीही केली. १९६९ साली ‘इथे ओशाळला मृत्यू’ करताना ते पूर्णवेळ नट झाले, तेव्हा चाळिशी पार झाली होती. १९७० च्या डिसेंबरात ‘नटसम्राट’ आलं. लोक सांगताना एवढंच सांगतात की लागूंनी डॉक्टरकी सोडली. त्याआधी कितीतरी वर्षं दिवसा दवाखाना आणि रात्री तालीम चालू होती, तो भाग गाळला जातो. तुला शिकायचा आहे तो नेमका तोच भाग.

भाची : म्हणजे मी ऑफिसात नोकरी धरू? मग ऑडिशनला कशी जाणार?

आत्या : वेळ आपल्या हातात राहील असं काम शोध. तू बी.कॉम. आहेस. दोन-चार दुकानांचे हिशेब आणि जीएसटीचं काम घरून करता येतं. डबिंग आहे, शाळांमधली नाट्यशिबिरं आहेत, बालनाट्यं आहेत. आणि पैशाची एक गोष्ट आत्ताच ऐकून ठेव. मालिकेत काम मिळालं तरी मानधन साधारण नव्वद दिवसांनी हातात येतं. काम को-ऑर्डिनेटरमार्फत आलं असेल तर त्याचं कमिशन वजा होऊन येतं. आज शूटिंग केलंस की भाड्याला पैसे उद्या मिळतील, हा हिशेब इथे चालत नाही. अनेक मुलं अभिनयात कमी पडून परत जात नाहीत, हे तीन महिने काढता आले नाहीत म्हणून जातात.

भाची : ऑडिशनला नेमकं काय होतं?

आत्या : अंधेरीला वर्सोव्यात आरामनगर आहे. जुन्या बैठ्या घरांची वसाहत. त्यातल्या बऱ्याच घरांत कास्टिंगवाल्यांची ऑफिसं आहेत. व्हरांड्यात पोरंपोरी हातात कागद धरून ओठांतल्या ओठांत संवाद म्हणत असतात. कधी दारातच कुणीतरी बघून सांगतो, ‘नॉट फिट’. नंबर लागला तर आत एक छोटी खोली, मागे एकरंगी पडदा, दोन दिवे, एक कॅमेरा. आधी ‘इंट्रो’ द्यायची : नाव, वय, उंची, काय काम केलंय. मग डावा प्रोफाइल, उजवा प्रोफाइल, हाताचे तळवे पुढे-मागे. त्यानंतर सीन. समोर दुसरा नट नसतो, कॅमेऱ्याशेजारी उभा असलेला एक सहायक सपाट आवाजात क्यू देतो. त्या सपाट आवाजाला तुला खरंखुरं उत्तर द्यायचं असतं. दोन मिनिटांत सगळं संपतं आणि ‘कळवतो’ म्हणतात.

भाची : आणि कळवत नाहीत.

आत्या : बहुतेक वेळा नाहीच कळवत. पण त्यात तुझा अपमान नसतो. नायकाची उंची आधीच ठरलेली असते, बहिणीचा चेहरा भावाशी जुळायला लागतो, वाहिनीला ओळखीचं नाव हवं असतं. यातलं काहीही तुझ्या हातात नाही. त्या दोन मिनिटांत समोरचं वाक्य तू ऐकलंस का, पाठांतर पक्कं होतं का, शब्द स्वच्छ उमटले का, एवढंच तुझ्या हातात आहे. ऑडिशन संपली की वहीत हे तीन प्रश्न लिहायचे, खरी उत्तरं लिहायची आणि निकाल सोडून द्यायचा. आता पहिली फेरी बऱ्याचदा सेल्फ टेपवरच होते. म्हणजे घरी भिंतीपुढे उभं राहून मोबाइलवर सीन करून पाठवता येतो. बार्शीतूनही येतो.

भाची : मग मुंबईला यायलाच हवं असं नाही?

आत्या : लगेच नाही. सातारा, कोल्हापूर भागातही मालिकांची शूटिंगं झाली आहेत, ‘लागिरं झालं जी’ किंवा ‘तुझ्यात जीव रंगला’ आठव. शिवाय आपल्याकडे राज्य नाट्य स्पर्धा आहे. पुण्यात महाराष्ट्रीय कलोपासक संस्थेचा पुरुषोत्तम करंडक १९६३ पासून चालू आहे. भरत नाट्य मंदिरातल्या त्या स्पर्धेतून आलेली कितीतरी माणसं आज नाटक-सिनेमात आहेत. मोठ्या शहरात बिनकामाचं बसून राहण्यापेक्षा लहान गावात वर्षाला दोन नाटकं करणं जास्त शिकवतं.

भाची : आणि प्रशिक्षण? की अनुभवानेच येतं सगळं?

आत्या : जमत असेल तर जरूर घे. पुणे विद्यापीठात ललित कला केंद्र आहे, मुंबई विद्यापीठात नाट्यशास्त्राचं शिक्षण आहे, पुण्यातच एफटीआयआय या चित्रपटसंस्थेत अभिनयाचा अभ्यासक्रम आहे, दिल्लीला राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. प्रवेश अवघड आहे, पण निवड तुझ्या कामावर होते. तिथं मिळणारी दुसरी मोठी गोष्ट म्हणजे सोबती. आज तुझ्याबरोबर तालीम करणारा मुलगा उद्या दिग्दर्शक होतो आणि त्याला तू आठवतेस. प्रवेश नाही मिळाला तर रियाज घरी कर. गायिका मैफल नसतानाही पहाटे तंबोरा जुळवते. नटीनं तसंच रोज मोठ्यानं वाचावं, श्वासाचे व्यायाम करावेत, एक स्वगत बसवावं.

भाची : फसवणुकीची भीती वाटते. परवाच एक मेसेज आला होता, नोंदणीचे पैसे भरा, रोल पक्का.

आत्या : खरा कास्टिंग डायरेक्टर ऑडिशनचे पैसे घेत नाही. पैसे मागितले की संवाद तिथंच थांबवायचा. रात्री उशिरा हॉटेलात किंवा कुणाच्या फ्लॅटवर ‘मीटिंग’ला बोलावलं तर जायचं नाही. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध २०१३ चा कायदा आहे. तक्रारीसाठी निर्मितिसंस्थेत अंतर्गत समिती असते, ती नसेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते. त्यापायी एक भूमिका गेली तरी चालेल. आणि करार वाचल्याशिवाय सही करायची नाही, कितीही घाई केली तरी.

भाची : आत्या, एक विचारू? रागावू नकोस. तू नावं घेतलीस ती सगळी यशस्वी माणसांची. जे तेवढेच झिजले आणि ज्यांना काहीच मिळालं नाही, त्यांचं काय?

आत्या : कशाला रागावू, हा प्रश्न विचारायलाच हवा. त्यांच्या मुलाखती कुणी घेत नाही, म्हणून चिकाटी धरली की यश मिळतंच असं आपल्याला वाटतं. तसं नाही. पुष्कळ गुणी माणसं मागे राहिलेली मी पाहिली आहेत. चिकाटीनं यशाची खात्री मिळत नाही. संधी आली तर तुम्ही तयार असता, एवढंच चिकाटीच्या हातात. म्हणून दर वर्षाच्या शेवटी स्वतःला विचारायचं : माझं काम गेल्या वर्षीपेक्षा सुधारलं का? ज्यांनी एकदा काम दिलं त्यांनी पुन्हा बोलावलं का? कर्ज न काढता मी जगते आहे का? आणि तालमीला जाताना अजून मजा येते का?

भाची : आणि उत्तरं सगळी ‘नाही’ आली तर?

आत्या : एखाद्या वर्षी आली तर रस्ता बदलून बघ. लागोपाठ काही वर्षं येत राहिली तर थांबण्यात कसलीही लाज नाही. नटापासून सुरुवात करून कुणी लेखक झालं, कुणी प्रकाशयोजना केली, कुणी दिग्दर्शनाकडे वळलं, कुणी गावी परतून शाळेतल्या मुलांची नाटकं बसवली. रंगभूमी त्यांच्यावरही उभी आहे.

भाची : मग बाबांना काय सांगू?

आत्या : सांग, की मी पळून जात नाहीये. आधी वर्षभर हिशेबाची कामं करून सहा महिन्यांचा खर्च साठवते, त्याच वर्षात राज्य नाट्य स्पर्धेत काम करते आणि प्रवेश परीक्षा देते. त्याच्यापुढं हा सगळा हिशेब कागदावर मांड. आणि तुझ्यासारख्या मुलांच्या आईवडिलांनाही माझं एक मागणं आहे. पोरांना वर्षं ठरवून द्या, खर्च ठरवून द्या, पण तेवढ्या काळात ‘काही झालं का?’ हा प्रश्न रोज विचारू नका. त्याऐवजी ‘सध्या कसली तालीम चालू आहे?’ असं विचारा. अभिनयाच्या सुरुवातीच्या वर्षांत घरातून मिळणारा सगळ्यात मोठा आधार तोच असतो.