डीएनएस सर्व्हर : उभारणं सोपं, सांभाळणं महत्त्वाचं

"नेट बंद आहे!" अशी आरोळी हॉस्टेलात उठली की मी आधी बाहेरच्या एखाद्या यंत्राच्या आकडी पत्त्याला पिंग करून बघतो. उत्तर आलं तर नेट चालू आहे, अडलंय ते नावांचं काम. नावावरून आकडी पत्ता शोधून देणारी ही व्यवस्था म्हणजे डोमेन नेम सिस्टीम, अर्थात डीएनएस. दोन वर्षं सरांच्या हाताखाली हा सर्व्हर सांभाळताना जे शिकलो, ते इथे थोडक्यात देतो.

आर्पानेटच्या काळात सगळ्या यंत्रांची नावं एकाच फाइलमध्ये असत. ती अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये ठेवलेली असे आणि बाकीचे तिथून उतरवून घेत. यंत्रं वाढली तसं हे जमेना. १९८३ साली पॉल मॉकापेट्रिस यांनी डीएनएसची रचना मांडली. ज्याची नावं त्यानेच सांभाळायची, हे तिचं मूळ तत्त्व. म्हणजे आपल्या कॉलेजची नावं ही आपलीच जबाबदारी!

लिनक्सवर बाइंड टाकायला अर्धा तासही लागत नाही. पण दोन कामं वेगळी ओळखा. एक, हॉस्टेलातल्या मुलांना जगातली नावं शोधून देणं. दुसरं, कॉलेजची नावं जगाला सांगणं. शक्यतो दोन्हींसाठी वेगळी यंत्रं ठेवा. पहिलं काम फक्त कॅम्पसमधल्या पत्त्यांपुरतंच खुलं ठेवा, नाहीतर बाहेरचे लोक आपल्याच सर्व्हरकडून तिसऱ्यावर उत्तरांचा मारा करवतात. फायरवॉलमध्ये पोर्ट ५३ यूडीपी आणि टीसीपी दोन्हींसाठी उघडा. नुसतं यूडीपी उघडलं तर मोठी उत्तरं अडकतात.

आता सांभाळण्याच्या चार गोष्टी.

१) शेवटचं टिंब : झोन फाइलमध्ये पूर्ण नावाच्या शेवटी टिंब हवंच. ते नसलं तर सर्व्हर त्यापुढे झोनचं नाव पुन्हा जोडतो आणि 'मेल.कॉलेज.इन' चं 'मेल.कॉलेज.इन.कॉलेज.इन' होतं. हसू नका! १२ ऑक्टोबर २००९ रोजी याच टिंबापायी स्वीडनची सगळी '.एसई' नावं कोलमडली होती. म्हणून फाइल चढवण्याआधी 'नेम्ड-चेकझोन' चालवा, आणि चढवल्यावर 'डिग' ने उत्तर डोळ्यांनी बघा.

२) सीरियल नंबर : प्रत्येक बदलाला तो वाढवायचाच. तारीख आणि त्या दिवसाचा क्रमांक अशी पद्धत सोयीची, उदा. २०२५०७१४०१. नंबर वाढला नाही तर दुय्यम सर्व्हरला बदल कळतच नाही. मग एक सर्व्हर नवं उत्तर देतो, दुसरा जुनंच.

३) टीटीएल : आपलं उत्तर इतरांनी किती सेकंद लक्षात ठेवायचं, तो हा आकडा. बहुधा ८६४००, म्हणजे एक दिवस. यंत्राचा पत्ता बदलायचा असेल तर निदान एक दिवस आधी तो ३०० करा, मग बदल करा, सगळं स्थिर झालं की पुन्हा वाढवा. माझा एक मित्र दुसऱ्या एका कॉलेजात आहे. तिथे परीक्षेच्या फॉर्मच्या शेवटच्या दिवशीच वेबसाइट नव्या यंत्रावर हलवली, टीटीएल तसाच ठेवून. बऱ्याच मुलांना दिवसभर बंद झालेलं जुनं यंत्रच मिळत राहिलं. ऑफिसात विचारलं तर उत्तर मिळालं, "आमच्याकडे तर उघडतंय." लेट फी मात्र मुलांनी भरली.

४) दुसरा सर्व्हर, दुसऱ्या जागी : दोन्ही सर्व्हर एकाच स्विचवर, एकाच यूपीएसवर असतील तर तो एकच धरा. जानेवारी २००१ मध्ये मायक्रोसॉफ्टचे चारही डीएनएस सर्व्हर एकाच नेटवर्कवर होते. राउटरमधल्या एका बदलाने त्यांच्या साइट्स तासन् तास दिसेनाशा झाल्या. इतक्या मोठ्या कंपनीचं असं झालं, तिथे आपली काय कथा?

शेवटी एक साधी वही ठेवा. तारीख, बदल, कारण आणि करणाऱ्याची सही, एवढंच. आपण चार वर्षांनी पास होऊन जातो, सर्व्हर मात्र इथेच राहतो. पुढच्या बॅचच्या मुलाला रात्री दोन वाजता आपला फोन लागेलच असं नाही, वही मात्र हाताशी असेल.