स्तनातील गाठ : सोनोग्राफी आणि ऊतकपरीक्षा

स्तनातील गाठ हा विषय शल्यचिकित्सकांचा. त्यावर बालरोगतज्ज्ञाने का लिहावे, असे काही सहकारी विचारतील. परंतु ही तक्रार दोन प्रसंगी प्रथम आमच्याच कानी येते. नऊ-दहा वर्षांच्या मुलीला घेऊन धास्तावलेली आई येते तेव्हा, आणि तान्ह्याच्या लसीकरणास आलेली आई जाता जाता स्वतःच्या गाठीचा उल्लेख करते तेव्हा.

मुलीच्या स्तनाग्रामागे, पुष्कळदा एकाच बाजूस, लागणारी दुखरी चकती ही बहुधा उमलती स्तनकलिका असते. शंका राहिलीच तर सोनोग्राफी करावी. तिला सुई वा सुरी लावणे म्हणजे पुढे वाढावयाच्या स्तनाचे मूळच खुडणे होय.

स्तनदा मातेबाबत धोका नेमका उलट आहे. ‘दुधाची गाठ आहे, शेका आणि पाजत राहा’ एवढे सांगून आपण मोकळे होतो. साचलेल्या दुधाची गाठ पाजल्यानंतर मऊ पडते, काही दिवसांत विरते. दोन आठवड्यांत न विरलेली गाठ मात्र सोनोग्राफीस पाठविलीच पाहिजे. दुधाने भरलेला स्तन मॅमोग्राफीत दाट दिसतो, त्यात गाठ लपू शकते. सोनोग्राफीत ती द्रवाची की घन हे लगेच कळते. सुईने दूध निघून गाठ पूर्ण मावळली, तर निदान आणि उपचार एकदमच झाले.

घन गाठीची कडा काटेरी असेल, ती रुंदीपेक्षा उंच असेल किंवा तिच्यामागे सावली पडत असेल, तर संशय बळावतो. स्टाव्ह्रॉस आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये ७५० घन गाठींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतील १२५ कर्करोगाच्या निघाल्या. पैकी केवळ दोन सोनोग्राफीने निरुपद्रवी ठरविल्या होत्या. साधन उत्तम खरे, पण त्या दोन गाठींसाठीच ऊतकपरीक्षा हवी.

येथे एक खाचखळगा आहे. बारीक सुईने केलेल्या एफ.एन.ए.सी.त सुट्या पेशी मिळतात, ऊतकाची रचना दिसत नाही. स्तन्यकाळात निरोगी पेशींची केंद्रकेही मोठी व ठळक दिसतात; रुग्ण स्तनदा असल्याचे पॅथॉलॉजिस्टला ठाऊक नसेल तर कर्करोगाचा भास होऊ शकतो. म्हणून फॉर्मवर ‘स्तनदा’ हा शब्द आवर्जून लिहावा, आणि शक्यतो सोनोग्राफीच्या मार्गदर्शनाखाली कोअर बायोप्सी करावी.

आपल्याकडे हे दोन अहवाल दोन ठिकाणांहून, दोन दिवशी येतात आणि आईच्या पिशवीत शेजारी शेजारी पडून राहतात. ते समोरासमोर ठेवून वाचण्याचे काम कोणाचे, हे आधीच ठरलेले असावे. चित्र संशयास्पद आणि ऊतक निर्दोष असे आले, तर सुई गाठीबाहेर गेली असे समजून पुन्हा नमुना घ्यावा किंवा गाठ काढून तपासावी. ‘निर्दोष’ या शब्दावर सुटकेचा श्वास सोडू नये.

बायोप्सीच्या जागेतून क्वचित काही दिवस दूध पाझरते. त्यासाठी बाळाचे पाजणे तोडण्याची आवश्यकता नसते.