फोन काढून घेऊ नका

वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणीतरी तुमच्या मुलीच्या फोटोचं स्टिकर बनवलं आहे. घास घेताना टिपलेला चेहरा आणि खाली एक घाणेरडा शब्द. दिवसभर तेच स्टिकर फिरतं आहे. किंवा इन्स्टाग्रामवर तिच्या नावाचं खोटं अकाउंट निघालं आहे आणि त्यावरून मुलांना नको ते मेसेज जात आहेत. हे तुम्हाला कळतं तेव्हा बहुतेक वेळा बरेच दिवस उलटून गेलेले असतात. घरी सांगितलं तर फोन जाईल, या भीतीनं मुलं गप्प बसतात. म्हणून सुरुवात इथूनच करायची.

मुलगी बोलायला लागली की हातातलं काम ठेवा आणि पहिल्याच मिनिटाला सांगा, "सांगितलंस ते बरं केलंस. फोन मी काढून घेणार नाही." मग ऐका. "तू काय केलं होतंस?", "असे फोटो टाकायचेच कशाला?", "दुर्लक्ष कर ना" ही तीन वाक्यं त्या दिवशी तोंडातून निघता कामा नयेत. त्यांपैकी एक जरी निघालं तरी पुढची गोष्ट ती तुम्हाला सांगणार नाही. तिचं बोलून झालं की विचारा, "हे आणखी कुणाला सांगितलेलं तुला चालेल?" बाबांना, मोठ्या भावाला, वर्गशिक्षिकेला, ती यादी तिची असू द्या. आपल्याबद्दल सगळ्यांनी सगळं ठरवलं, हाच तर तिचा त्रास आहे. घरातही तेच व्हायला नको. जिवाला धोका असेल किंवा पोलिसांत जावं लागणार असेल, तरच तिच्या संमतीपलीकडे जा आणि तेही तिला सांगून.

त्यानंतर पुरावा. संतापाच्या भरात आपण आधी ब्लॉक करतो, ग्रुप सोडायला लावतो, चॅट उडवतो आणि मग शाळेत दाखवायला हातात काही उरत नाही. क्रम उलटा ठेवा. स्क्रीनशॉट काढताना पाठवणाऱ्याचं नाव किंवा नंबर, तारीख आणि वेळ एकाच चित्रात दिसली पाहिजे. ग्रुपच्या माहितीत जाऊन सदस्यांची यादीही टिपा. इन्स्टाग्रामवर दिसणारं नाव क्षणात बदलता येतं, म्हणून प्रोफाइल उघडून युजरनेम टिपा आणि प्रोफाइलची लिंक कॉपी करून ठेवा. स्टोरी 24 तासांत जाते, तिचं स्क्रीन रेकॉर्डिंग लगेच करा. एका वहीत तारीखवार लिहा: काय आलं, कुणाकडून आलं, कुणी पाहिलं. मूळ चॅट आणि मूळ फोन जपा, फोन रीसेट करू नका.

इथे एक अपवाद आहे आणि तो नीट लक्षात ठेवा. फोटो नग्न किंवा अश्लील असेल, मग तो खरा असो वा एआयनं बनवलेला, तर त्याचे स्क्रीनशॉट काढू नका आणि पुरावा म्हणून शिक्षकांना किंवा मामांनाही पाठवू नका. मुलांचं असं साहित्य साठवणं आणि पुढे पाठवणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 67ब खाली गुन्हा आहे. फक्त लिंक, नंबर आणि वेळ लिहून घ्या आणि थेट पोलिसांकडे जा.

आता रिपोर्ट आणि ब्लॉक. व्हॉट्सअॅपवर रिपोर्ट केलं की समोरच्याला कळत नाही. इन्स्टाग्रामवर रोज वर्गात भेटणाऱ्या मुलासाठी 'रिस्ट्रिक्ट' मला जास्त बरं वाटतं. त्याच्या कमेंट फक्त त्यालाच दिसतात आणि त्याला पत्ता लागत नाही. ब्लॉक केलेलं त्याच्या लक्षात येतं आणि दुसऱ्या दिवशी नवं अकाउंट उघडतं. अनोळखी माणसाला मात्र सरळ ब्लॉक करा. व्हॉट्सअॅपच्या प्रायव्हसीत ग्रुपसाठी 'माय कॉन्टॅक्ट्स' निवडा. अठरा वर्षांखालच्या मुलांच्या नग्न फोटोंसाठी 'टेक इट डाउन' ही मोफत सेवा आहे. फोटो फोनमध्येच राहतो, त्याचा फक्त डिजिटल ठसा कंपन्यांकडे जातो आणि त्यावरून त्या आपल्या अॅपवरचा तो फोटो शोधून काढतात.

त्रास देणारा शाळेतलाच असेल तर मुख्याध्यापकांच्या नावे लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. पालकांच्या ग्रुपवर भांडण काढू नका, त्या मुलाच्या घरी रात्री फोन करू नका. त्याचा राग सकाळी तुमच्या मुलीवर निघतो. मधल्या सुट्टीत तिच्याबरोबर बसेल अशी एक मैत्रीण शोधा. शिक्षकांनी दिलेल्या समजेपेक्षा याचा उपयोग अनेकदा जास्त होतो.

धमकी, पैशांची मागणी, लैंगिक मजकूर, बदललेले फोटो, मोठ्या माणसाकडून पाठलाग, यांपैकी काहीही असेल तर शाळेच्या उत्तराची वाट पाहू नका. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर महिला आणि मुलांच्या तक्रारींचा वेगळा विभाग आहे. जवळच्या पोलीस ठाण्यातही तक्रार देता येते. चाइल्डलाइनचा नंबर 1098. पोलीस ठाण्याच्या भीतीनं पालक मागे हटतात, त्यांनी हे माहीत करून घ्यावं: मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांसाठीच्या पॉक्सो कायद्यानुसार मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला हव्या त्या ठिकाणी घेता येतो, घेणारा अधिकारी गणवेशात नसतो आणि मुलाचं नाव प्रसिद्ध करायला बंदी आहे.

मूल जेवेनासं झालं, शाळेचं नाव काढताच पोटात दुखू लागलं, तर टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर फोन करा, मराठीत बोलता येतं. "मला जगायचंच नाही" असं म्हणालं तर त्याला क्षणभरही एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

आणि स्टिकर बनवणारं मूल तुमचंच निघालं तर? त्याला मारून काही साधत नाही. त्यानं काय केलं ते त्याच्याच तोंडून सविस्तर ऐका, कुणाकुणाला पाठवलं ते लिहून घ्या आणि ज्या ज्या ग्रुपवर टाकलं तिथे "हे मी केलं, चूक केली, पुढे पाठवू नका" असं त्यालाच लिहायला लावा. त्या मुलीची माफी समोर जाऊन मागायची ती तिला भेटायचं असेल तरच, नाहीतर चिठ्ठीनं.

प्रकरण शांत झाल्यावर पुरावे एका पेनड्राइव्हवर तुमच्याकडे ठेवा. मूळ चॅट अर्काइव्ह करा आणि मुलीच्या गॅलरीतून ते स्क्रीनशॉट काढून टाका. सहलीचे फोटो बघायला गॅलरी उघडली आणि तोच चेहरा, तोच शब्द पुन्हा समोर आला, असं होऊ देऊ नका.